खुंटीवरची बंदूक

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये लेथच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, पेढे वाटले जातात आणि जॉब करावा लागत नाही. म्हणून हा आम्हा मेकॅनिकलवाल्यांचा सगळ्यात लाडका सण! आमच्या घरी मात्र त्या दिवशी बंदुकांची पूजा होते.

माझे गाव कुडाळपासून बरेच आत. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेती वाचवायला आमच्याकडे पुष्कळांकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. आजोबांच्या परवान्यावर दोन आहेत. 2019 मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून एका परवानाधारकाला दोनच ठेवता येतात, त्यामुळे आमचा ‘कोटा’ फुल्ल! शिवाय एक तलवार आणि दारू ठेवायचे शिंग. हा सगळा संग्रह पडवीत झोपाळ्याच्या वर टांगलेला.

टांगायची पद्धत आजोबांची स्वतःची. फणसाच्या लाकडाच्या चार खुंट्या आणि नळीला चरे पडू नयेत म्हणून त्यांना गुंडाळलेली सायकलची जुनी ट्यूब. तलवार सुंभाने बांधलेली आणि शिंग चक्क कपड्यांच्या हँगरला! आलागेला माणूस चहा पिताना वर बघणार आणि आजोबा गोष्ट सुरू करणार, हे ठरलेले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवले की या ‘देशी जुगाडा’ऐवजी नीट स्टँड करायचा. तीन वर्षे ड्रॉइंगशीट फाडल्या, त्याचा घरी काही उपयोग नको? आजोबांचे कौतुक ऐकायची हौसही होतीच. सागवानी फळी, पट्टी वाकवून केलेले यू आकाराचे ब्रॅकेट आणि चिऱ्यात रावल प्लग. ट्यूब काढली तर खाली नळीवर गंजाचे गोल कडेच उमटलेले. कोकणातला पाऊस! रबराखाली ओल अडकते, कातडे आणि लोकरीचे कापडही ओल धरून ठेवतात. संग्रहालयात यासाठी पाणी न शोषणारा फोम वापरतात. होस्टेलवर मॉनिटरच्या खोक्यात येतो तो पांढरा फोम आम्ही फेकून देतो, तोच आणला होता. हाताच्या घामातल्या मिठानेही लोखंड गंजते, म्हणून हातमोजे. आधी गंज काढायचा, त्यासाठी ड्रिल मशीनला वायरब्रश लावून तयार!

ब्रॅकेटमधले अंतर ठरवायला मापे घेत होतो. जुन्या बंदुकीची नळी बाहेरून, म्हणजे तोंडापासून केप बसते तिथपर्यंत, सदतीस इंच भरली. सहज गज आत सोडला, खूण केली आणि बाहेर काढून मोजला. साडेतेहतीस.

पुन्हा मोजले. साडेतेहतीसच.

साडेतीन इंच कुठे गेले? मी आजोबांना विचारले.

“रिकामीच आसा ती. चाळीस वर्सां थयच टांगलेली आसा.”

पण गज खोटे बोलत नव्हता. मी बंदूक खाली ठेवली, तोंड भिंतीकडे केले आणि ड्रिलचा प्लग काढला. हात थरथरत होते.

बाबांनी पोलीस ठाण्यात कळवले. दुसऱ्या दिवशी तालुक्यातले परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाले आले आणि त्यांनी नळी रिकामी केली. काथ्याचा बोळा, छर्रे आणि काळी दारू निघाली! त्यातली कोरडी राहिलेली चिमूटभर त्यांनी अंगणात ठेवून काडी लावली. भस्सकन पेटली. सोरा, कोळसा आणि गंधक कोरडे राहिले तर वर्षानुवर्षे तसेच राहतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 2013 मध्ये एका जुन्या तोफेचा गंज काढताना आत दारू आणि गोळा सापडला. तोफ दोनशेहून जास्त वर्षांची! मी तर वायरब्रश लावून ठिणग्याच उडवणार होतो.

आजोबा काही बोलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. उशिरा मला हाक मारून म्हणाले, “डुकरांसाठी भरलंलय. त्याच रातीक तुझी आजी आजारी पडली. केप काढलंय आणि तशीच टांगलंय.” मग त्यांनी फोटोंचा अल्बम पुढे केला. दर खंडेनवमीला आम्हा नातवंडांचा बंदूक खांद्यावर घेऊन एकेक फोटो असतो. एका फोटोत ती बंदूक माझ्याकडे आहे, वय सहा, बोट चापावर आणि नळी थेट धाकट्या बहिणीकडे. हा फोटो आम्ही किती वेळा हसत हसत पाहिला होता!

स्टँड झाला, पण झोपाळ्याच्या वर नाही, आतल्या खोलीत. चापाच्या कडीतून साखळी आणि कुलूप, किल्ली आजोबांच्या जानव्याला. फोम छान बसला, पण कौतुक काही मला मागवेना.

वर्कशॉपमध्ये सर रोज ओरडतात, “चकची किल्ली काढली का? आधी बघा, मग बटण दाबा!” आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. आता मी करत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला आजोबांचा फोन आला. पूजेची तयारी झाली होती. ते म्हणाले, “आधी गज घातलंय. सदतीस भरलो. मगे हळद-कुंकू लायलंय.”