आधी की मागाहून?

आमचे चिरंजीव सहामाहीत गणितात नापास झाले, त्या रात्रीची गोष्ट. मी त्याला आधी चांगला खडसावला आणि मग पाठीवरून हात फिरवला. तरी पोरगा न जेवताच झोपला. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, हात आधी फिरवला असता, तर पुढचं बोलणंही त्यानं ऐकलं असतं!”

मी पडलो गणिताचा मास्तर! “क्रमाने काय बिघडतं?” असे म्हणून मी अंथरुणावर अंग टाकले, पण माझ्याच गणिताने मला खोटे पाडले. ३ ची दुप्पट करून १ मिळवा, ७ येतात. आधी १ मिळवून मग दुप्पट करा, ८ येतात. क्रिया त्याच, क्रम फिरला नि उत्तर फिरले.

क्रम उलटला तरी न बिघडणाऱ्या जोड्याही आहेत म्हणा. २ चा आधी वर्ग करा नि मग घन, किंवा उलट. उत्तर ६४ च. एका बहुपदीला दुसरीने भागले की परिमेय फलन मिळते. अशी फलने संमिश्र संख्यांवर पुन्हा पुन्हा चालवली तर काय होते, याचा ध्यास फ्रान्समध्ये दोघांनी घेतला होता : पॅरिसच्या वेधशाळेतले पिएर फातू आणि गास्तों ज्युलिया. ज्युलियाने १९१५ साली रणांगणावर नाक गमावले, पुढे जन्मभर चेहऱ्यावर चामडी पट्टी वागवली. पण १९१८ साली या विषयावरचा त्याचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला.

साधा वर्गच घ्या. शून्यापासून १ हून कमी अंतरावरची संख्या वर्ग करता करता शून्यात विरते. त्यापलीकडची अनंताकडे पळत सुटते. मधली सीमा म्हणजे १ त्रिज्येचे वर्तुळ. तिथली संख्या केसभर आत-बाहेर सरकली की तिचे नशीबच पालटते. आणि घनाची सीमाही तेच वर्तुळ! हा योगायोग नव्हे. निदान दुसऱ्या घाताच्या ज्या दोन परिमेय फलनांचा क्रम उलटला तरी चालतो, त्यांची सीमा एकच असते. मात्र अशा जोड्या विरळा. अमेरिकेतल्या जोसेफ रिट यांनी १९२३ साली त्यांचा कसून शोध घेतला.

रागावणे आणि गोंजारणे ही काही त्यांतली जोडी नव्हे. आणि माझे पोर तर त्या रात्री नेमके सीमेवर उभे होते!

सकाळी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. आधी पाठीवर हात ठेवला. वही मागाहून उघडली.