खुकीला कागद नाहीत

आमच्या बराकपूरच्या क्वार्टरमध्ये कुत्रा आणायचा, यावर सासूबाई सोडून सगळ्यांचे एकमत झाले होते. वाद होता तो कोणता आणायचा यावर. बारा वर्षांच्या लेकीला सोनेरी केसांचा गोल्डन रिट्रीव्हर हवा होता, ह्यांना लॅब्रॅडॉर. मला, खरं सांगायचं तर, कोणताही चालला असता. फक्त संध्याकाळी फिरायला नेताना कॉलनीतल्या बायकांनी वळून पाहावे, असा हवा होता. आता कबूल करताना लाज वाटते, पण होते तसे.

सासूबाई म्हणत, "रस्त्यावर इतकी आहेत, त्यांना पोळी घाला की. कुत्रं विकत आणतात हे मी कधी ऐकलं नव्हतं बाई."

बराकपूर हे तसे प्राण्यांशी जुने नाते असलेले गाव. इथे एका चौकाला चिडियामोड म्हणतात. लॉर्ड वेलस्लीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुगळीकाठच्या आपल्या बागेत पशुपक्ष्यांचा संग्रह उभा केला, त्यावरून हे नाव पडले असे इथली माणसे सांगतात. पुढे १८७६ मध्ये अलीपूरचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. तिथे २००६ मध्ये गेलेले अद्वैत नावाचे म्हातारे कासवसुद्धा मूळचे बराकपूरचेच म्हणतात. "म्हणजे साहेबाने हौसेने प्राणी आणायचे आणि साहेब गेला की दुसऱ्याने सांभाळायचे, ही पद्धत इथे दोनशे वर्षांची आहे," हे जेवताना गमतीने म्हणाले.

लेक पानातून वर न बघता म्हणाली, "आपण मोतीचं केलं तसंच ना, बाबा?"

कोणीच काही बोलले नाही. मोती आसाममधल्या आमच्या पोस्टिंगवरचा. आमच्याच पायरीवर वाढलेला, काळापांढरा. बदलीचा हुकूम आला तेव्हा कॅन्टीनमधल्या एका माणसाच्या हातावर पाचशे रुपये ठेवून आम्ही त्याला हवाली केले. सामानाच्या ट्रकमागे तो गेटपर्यंत धावत आला होता. लेक तेव्हा सात वर्षांची होती. ती विसरली असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

तरीही पुढच्या रविवारी आम्ही पिल्लू बघायला गेलोच. कोणीतरी एका ब्रीडरचा फोन नंबर दिला होता. लोकलने दमदम, तिथून रिक्षा. पिल्लू गोड होते यात शंकाच नाही, लोकरीच्या गुंड्यासारखे. वीस हजार रुपये, आणि केनेल क्लबचे कागद हवे असतील तर आणखी सहा हजार. मी विचारले, "याची आई बघायला मिळेल का?" ते गृहस्थ हसून म्हणाले, "बौदी, आई गावाकडे आहे."

आई गावाकडे आणि पिल्लू शहरात, हे कसे? वय विचारले तर "पंचेचाळीस दिवस". मी घरून वाचून गेले होते. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हा नियम नुसता कागदी नाही. आई आणि भावंडांबरोबर राहूनच पिल्लू किती जोरात चावायचे ते शिकते, आणि त्याच सुमारास पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी सुरू व्हायला लागतात. सहा ते आठ आठवड्यांनी पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची. लशीचे कार्ड मागितले तर त्यावर फक्त एक शिक्का होता, तारीख नव्हती. आजोबा कुठल्या प्रदर्शनात जिंकले होते ते मात्र त्यांना तोंडपाठ होते.

परत येताना लेक रडवेली झाली होती. मी तिची समजूत घातली. खरे म्हणजे पिल्लाचा चेहरा माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. चांगले ब्रीडरही असतात. ते आई दाखवतात, उलट आपल्यालाच चार प्रश्न विचारतात. अशांकडे नाव नोंदवून सहा महिने थांबावे, असे हे म्हणाले. ते मला पटलेही होते. पण बराकपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते आम्ही पाहिले होते. उशीसुद्धा घामेजते. अशा दमट हवेत दाट केसांच्या कुत्र्याच्या कातडीचे काय होणार, आणि पावसाळ्यात गोचिडी कोण वेचणार? उत्तर ठरलेले होते: मी.

प्राण्यांच्या आसऱ्याला जायचे सुचवले ते आमच्या शेजारच्या मासीमांनी. कलकत्त्याला ही परंपराही जुनी आहे. कोलसवर्दी ग्रँट या चित्रकाराने १८६१ मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था काढली ती याच शहरात. आम्ही गेलो तो आसरा मात्र साधाच, पत्र्याच्या शेडचा. एक निवृत्त शिक्षिका तो बघत. वास, भुंकणे, चिखल. सासूबाई "मी बाहेरच थांबते" म्हणाल्या आणि पाच मिनिटांत आत आल्या.

तिथे पहिला धक्का बसला. कोपऱ्यात दोन लॅब्रॅडॉर आणि एक पग होता. पग तर श्वास घेताना घोरत होता. चपट्या नाकाची जात, उन्हात हाल होतात. "ही सगळी विकत घेतलेली," बाई म्हणाल्या. "हा काळा लॅब्रॅडॉर गेटला बांधून गेले. गळ्यात पट्टा, पट्ट्यात लशीचे पुस्तक, आणि पुस्तकावरचे मालकाचे नाव खोडलेले." मग त्यांनी ह्यांना विचारले, "आपण काय करता?"

"हवाई दलात आहे."

"म्हणजे बदलीवाले." त्यांनी वही मिटली. "रागावू नका, पण बदलीवाल्यांना मी चटकन कुत्रा देत नाही."

आपण उपकार करायला आलो आहोत, अशा थाटात आम्ही उभे होतो! ह्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, आता हे तडक निघतील. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि मोतीची सगळी हकिकत बाईंना सांगितली, ट्रकसकट. आमच्याशीसुद्धा त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते.

बाईंनी वही उघडली. "चार रविवार या. हिला फिरवा. मग बघू."

'ही' म्हणजे तांबूस रंगाची, तीनेक वर्षांची गावठी कुत्री. डाव्या कानाला खाच. नसबंदी झाल्याची ती खूण असते. नाव खुकी, म्हणजे बंगालीत लहान मुलगी. लेकीचा पहिल्या रविवारी उत्साह नव्हता. खुकी तिच्याकडे बघतही नव्हती. मला मात्र एक गोष्ट हळूहळू उमगली. पिल्लू मोठेपणी कसे निघेल हा अंदाजच असतो, कागद असोत की नसोत. ही पुरी वाढलेली होती. फटाक्याला घाबरते, मुलांवर गुरगुरत नाही, मांजर दिसले की भान हरपते, हे सगळे आम्ही चार रविवारांत डोळ्यांनी पाहिले.

तिसऱ्या रविवारी सासूबाईंनी डब्यातून पोळी आणली होती. हे अजून "लॅब्रॅडॉरही तिथे आहेच की" असे पुटपुटत होते. सासूबाई फटकन म्हणाल्या, "माणसाची जात विचारू नये म्हणता, आणि कुत्र्याची विचारता?" (हे वाक्य मी जपून ठेवले आहे. नणंदेच्या मुलीचे लग्न जमवताना उपयोगी पडेल.) काळा लॅब्रॅडॉर पुढे एका डॉक्टरांच्या घरी गेला, हे मुद्दाम सांगते, तो तसाच राहिला असता तर माझ्या जिवाला लागून राहिले असते.

खुकी घरी आली त्यानंतरचे दिवस गोड गोड नव्हते. पहिले दहा दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. माझी एक नवी चप्पल आणि पायपुसणे गेले. एका वादळी रात्री तिने दरवाजाची चौकट कुरतडली. लेक चिडून म्हणाली, "गोल्डनने असं केलं नसतं." केले असते की नाही कोण जाणे. अकराव्या दिवशी पहाटे मी उठले तर खुकी सासूबाईंच्या अंथरुणाच्या कडेला, त्यांच्या पदरावर डोके ठेवून झोपली होती. सासूबाई जाग्या होत्या. पदर सोडवून घ्यायला नको म्हणून तशाच पडून राहिल्या होत्या.

गेल्या महिन्यात बदलीचा हुकूम आला, नाशिकला. सामानाची यादी करण्याआधी हे स्टेशनवर जाऊन आले. कुत्र्याला आपल्याबरोबर न्यायचे तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटीचे नाव काढताच लेकीने रडायला सुरुवात केली. कूपेत माणसे दोनच. एक हे. दुसरे कोण, यावर आम्ही मायलेकी भांडत होतो, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"माझं तिकीट तिच्याजवळ काढा. आणि पोळ्या जास्त करून घे गं, प्रवास लांबचा आहे."