शोकेसमधलं पिल्लू

नोकरी लागली, बाईक झाली, वन बीएचकेचा हप्ताही सुरू झाला. आता पुढे काय? तर एक पपी! कापसाच्या गोळ्यासारखं, ऑफिसातून घरी आल्याबरोबर पायात घुटमळणारं, फोटोत झकास दिसणारं. लॅब, पग, शिट्झू, नाहीतर थेट हस्की! पुण्या-मुंबईचं सोडा, आपल्या अमरावती-अकोल्यातही आता हे काही नवीन राहिलेलं नाही. आपल्या पिढीला हे वेड लावण्यात पडद्याचाही वाटा मोठा. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधल्या पांढऱ्या केसाळ टफीनं भाव खाल्ला. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग एका मुलाच्या मागे मागे चालत आमच्या घरात शिरला, तो आजतागायत बाहेर पडलेला नाही.

पिल्लू आवडणं हा काही गुन्हा नाही, बॉस! मलाही आवडतात. प्रश्न फक्त एवढाच आहे की, काचेमागे बसलेलं ते गोडुलं तिथे येतं कुठून? आणि आपण पाकीट काढतो तेव्हा नेमकं कशाला पैसे देतो?

रात्री साडेनऊनंतर

माझं ऑफिस अमरावतीत एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली तळमजल्याला एक पेट शॉप. दुकानाचं नाव सांगत नाही. दिवसा एकदम टकाटक मामला. रंगीत पट्टे, हाडाच्या आकाराची बिस्किटं, माशांच्या टाक्या आणि समोर पिंजऱ्यात पिल्लं. कॉलेजची मुलं-मुली थांबतात, ‘सो क्यूट’ म्हणून फोटो काढतात आणि पुढे जातात.

मार्च एंडला आम्हाला बसावं लागतं उशिरापर्यंत. साडेनऊला खालचं शटर पडतं, कूलर बंद होतो आणि मग तो आवाज सुरू होतो. भुंकणं नाही. बारीक, एका सुरातलं कुंईकुंई. अकरा वाजता आम्ही निघतो तेव्हाही ते चालूच असतं.

दुकानात काम करणारा एक पोरगा आहे, अठरा-एकोणीस वर्षांचा. चहाच्या टपरीवर त्याची गाठ पडायची. एकदा सकाळी तो खोका उघडत होता. खोक्याला पेनानं पाडलेली भोकं.

‘काल रातच्या ट्रॅव्हल्सनं आले ताई,’ तो म्हणाला. ‘डिक्कीत. पाच निघाले होते, चार पोचले.’

पिल्लं एवढी लहान कशी, असं मी विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं. ‘लहान दिसलं का गिऱ्हाईक पटकन घेते. म्हनून खायलेही कमीच द्या लागते. जास्त खाल्लं का घान करते अन् मोठं दिसते, असं मालक म्हनते.’

या पोराला पगार किती असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. तरी त्यानं प्रत्येक पिल्लाला नाव ठेवलेलं असतं, मालकाला न सांगता. विकलं गेलं की दुसऱ्या दिवशी चहा घेताना तो जरा गप्प असतो. क्रूर माणूस शोधायला गेलात तर तो या दुकानात सापडणार नाही. मालकही देवभोळा, गुरुवारी पेढे वाटणारा. क्रूर आहे तो हिशोब. पिल्लू म्हणजे माल, माल पडून राहिला की तोटा.

सहा दिवसांचा ब्रुनो

माझा आतेभाऊ अकोल्याला असतो. एप्रिलमध्ये माझ्या भाचीचा आठवा वाढदिवस होता. दादानं सरप्राइज म्हणून शहरातल्याच एका दुकानातून लॅबचं पिल्लू आणलं. बारा हजार रुपये. ‘प्युअर हाये भाऊ, लसही देल्ली हाये,’ असं दुकानदारानं सांगितलं होतं. भाचीनं त्याचं नाव ठेवलं ब्रुनो. पहिले दोन दिवस घरात दिवाळी!

तिसऱ्या दिवशी ब्रुनोनं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब आणि तो विचित्र, घरभर पसरणारा वास. डॉक्टरांनी टेस्ट केली. पार्वो. सलाइन लावलं, इंजेक्शनं झाली, वहिनी दोन रात्री त्याच्या उशाशी बसली. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

मी दुपारी पोचले तेव्हा भाची रडत नव्हती. तिनं मला एकच विचारलं, ‘आत्या, ब्रुनोची आई कुठे असते?’

घरात कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. संध्याकाळी दादाबरोबर मी दुकानात गेले आणि हाच प्रश्न विचारला. दुकानदारानं मोबाइलमध्ये एका लॅबचा फोटो दाखवला. शहर विचारलं तर ‘पार्टीकडून येते माल’ एवढंच. आणि मग ऑफर! ‘भाऊ, दुसरं घेऊन जा ना. हाफ रेटमंदी देतो तुमाले.’

दादा क्षणभर थांबला. घरी मुलगी वाट पाहत होती, हे मी विसरत नाही. पण पार्वोचा विषाणू फरशीच्या भेगांत, गादीत, अंगणात कित्येक महिने जिवंत राहतो. त्याच घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू नेणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेनं पाठवणं. दादानं नाही म्हटलं आणि घरी जाऊन मुलीला खरं काय ते सांगितलं. सोपं नव्हतं ते.

नशीब नाही, गणित

‘आमच्या नशिबात नव्हता’ असं आपण म्हणतो. नशिबाचा यात फार संबंध नाही. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे दुकानात उड्या मारणारं पिल्लू आतून आजारी असू शकतं आणि ते कोसळतं तुमच्या घरी. तोवर पावती फाटलेली असते.

पिल्लाला सुरुवातीची ताकद मिळते आईच्या पहिल्या दुधातून. ती हळूहळू उतरते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, असं वेळापत्रक असतं. एकच इंजेक्शन देऊन ‘व्हॅक्सिनेटेड’चा शिक्का मारला म्हणजे काम झालं असं नाही. त्यात पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं, अर्धपोटी, रात्रभर डिक्कीत हेलकावे खाल्लेलं पिल्लू वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या पिल्लांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवलं, तर होणार काय?

आणि जे जगतात त्यांचं? आईजवळ आणि भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू शिकतं की चावा किती जोरात घ्यायचा नाही. ते शिक्षण हुकलेलं कुत्रं मोठेपणी भित्रं होतं, नाहीतर चावरं. मग आपण म्हणतो, ‘ही ब्रीडच खराब!’

वर आपलं वऱ्हाडातलं ऊन. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आपण कूलरसमोरून हलत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच शरीर थंड करतो. पगचं नाक तर माणसानंच निवडून निवडून चपटं केलेलं. त्याला नीट धापही टाकता येत नाही. हस्की हा सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा गडी. त्याला जठारपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर आणून दुपारी लाइट गेली की काय होत असेल?

कायदा आहे, आणि पन्नास रुपयेही

कायदा नाही असं नाही. २०१७ चे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम आणि २०१८ चे पेट शॉपचे नियम, दोन्ही केंद्र सरकारचे. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. ब्रीडर आणि दुकान, दोघांनीही राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि दुकानानं ते प्रमाणपत्र समोर लावायचं. पिल्लाला मायक्रोचिप हवी. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, बारा महिन्यांत एकदाच आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. परदेशातून व्यापारी प्रजननासाठी कुत्री आणणंही सरकारनं एप्रिल २०१६ मध्ये बंद केलं.

वाचायला छान आहे. पण मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये! तेवढ्यात गिला वड्याची एक प्लेट येते. बारा हजारांच्या पिल्लामागे पन्नास रुपयांची भीती कोणाला वाटणार?

अकोल्याहून परत येताना हेच डोक्यात होतं. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. एवढा रस्ता साडेचार दिवसांत होतो आणि २०१८ चा एक कागद माझ्या ऑफिसखालच्या भिंतीपर्यंत पोचलेला नव्हता.

बाहेर बघा. वेल्समधल्या एका पपी फार्ममधून २०१३ मध्ये सोडवलेल्या लूसी नावाच्या कुत्रीवरून इंग्लंडमध्ये ‘लूसीज लॉ’ आला. एप्रिल २०२० पासून तिथे सहा महिन्यांखालची कुत्र्या-मांजरांची पिल्लं मधल्या दुकानदाराला विकता येत नाहीत. ब्रीडरकडे जाऊन, आईसोबत पिल्लू बघायचं. फ्रान्सनं १ जानेवारी २०२४ पासून पेट शॉपमधली कुत्र्या-मांजरांची विक्रीच बंद केली. म्हणजे माझ्या भाचीचा प्रश्न तिकडे कायद्यात लिहिलेला आहे!

दया आली म्हणून?

या मे महिन्यात आमच्या खालच्या दुकानात एक पग होता. डोळ्यांतून पाणी, अंगावर खरजेचे चट्टे. ऑफिसात ठरलं, कॉन्ट्रिब्युशन काढू आणि त्याला सोडवू. सगळे तयार. मीच नको म्हटलं आणि दोन दिवस वाईट ठरले. ‘तू इतकी कोरडी कशी?’ असंही ऐकलं.

पण विचार करा. आपण दयेनं घेतलं काय किंवा हौसेनं घेतलं काय, गल्ल्यात तीच नोट पडते. पिंजरा रिकामा होतो आणि सोमवारी ट्रॅव्हल्सनं दुसरा खोका येतो. आजारी पिल्लूही खपतं हा धडा दुकानदाराला मिळतो तो वेगळाच.

म्हणून आम्ही पैशांऐवजी सह्या गोळा केल्या. अकरा सह्या, चार फोटो, नोंदणी प्रमाणपत्र दिसत नाही हा मुद्दा, आणि अर्ज दिला. तीन चकरा झाल्या. चौथ्या आठवड्यात तपासणीला माणसं आली. फार मोठी क्रांती झाली असं नाही. पगवर उपचार सुरू झाले, पिंजरे काचेजवळच्या उन्हातून आत गेले, रात्री कूलर चालू राहू लागला. सध्या दुकानात पिल्लं नाहीत, फक्त मासे आणि बिस्किटं. कागदपत्रं होईपर्यंत, असं मालक म्हणतो. तो पोरगा मात्र अजून तिथेच आहे. मला तीच धाकधूक होती.

पिल्लू हवंच आहे? मग एवढं करा

• आई दाखवा म्हणा. प्रत्यक्ष, फोटोत नाही. टाळाटाळ झाली की उठा.

• वय आठ आठवड्यांपेक्षा कमी वाटलं तर घेऊ नका. भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचा.

• लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही आहे का बघा.

• पहिल्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाच आहे.

• दुकानात हाल दिसले तर फोटो काढा आणि पोलीस, पशुसंवर्धन खातं किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी तक्रार द्या.

• कुणाला सरप्राइज गिफ्ट म्हणून जिवंत प्राणी देऊ नका. तो दहा-बारा वर्षं जगतो, वाढदिवस एकच दिवस असतो.

आणि एक साधा पर्याय आहेच. आपल्या गल्लीतलं देशी पिल्लू! आखूड केस, सडपातळ अंग, हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेलं. लस दिली, वेळेवर नसबंदी केली, दोन वेळ पोळी-अंडं घातलं की गडी खूश. बारा हजार वाचतात, त्यात वर्षभराचा डॉक्टर होतो.

आपण त्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यात राहतो, ज्यांनी देवापुढे बोकड कापणाऱ्या गावांना कीर्तनातून खडसावलं आणि मुक्या जनावरांना अभय देणं हाच धर्म असल्याचं सांगितलं. गाडगेनगरातल्या त्यांच्या समाधीवरून आपण रोज ऑफिसला जातो. हात जोडतोही. पण शोकेसमधल्या पिल्लाचं भाडं, खोका, डिक्की आणि मधला दलाल, हे सगळं चालतं आपल्या एक तारखेच्या पगारावर. तो कुठे खर्च करायचा हे तरी आपल्या हातात आहे ना?