शर्यत दीड तासाची, जायचं मात्र तीन दिवसांसाठी



इंदूरच्या आमच्या एका स्नेह्यांना मुलाने सिंगापूरला बोलावलंय. फॉर्म्युला वनची तिकिटं काढतो म्हणतो. परवा त्यांचा फोन आला, "अहो, ह्या वयात तो गोंगाट कशाला? टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं." टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं हे अगदी खरं. तरी मी म्हटलं, "अवश्य जा." आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता अशाच शहरांत आहेत, म्हणून ते सविस्तर इथे लिहितोय.

आमचं घर ग्वाल्हेरचं, लष्करातलं. तीन पिढ्या हिशेबाच्या: आजोबा शिंदे सरकारच्या खजिन्यात, वडील ए. जी. ऑफिसात, मी बँकेत. चिरंजीव मात्र ऑटोमोबाइल इंजिनिअर. पुण्यात गाड्यांच्या ब्रेकचं काम करायचा. दिवाळीला चार दिवस येई. "जेवणाची सोय कशी आहे?" आणि "रजा किती?" ह्यापुढे आमचं बोलणं जात नसे. भांडण नव्हतं, विषयच नव्हता.

2013 साली तो दिवाळीच्या आठवडाभर आधीच आला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 27 ऑक्टोबरला इंडियन ग्रां प्री होती, आणि त्याने तीन दिवसांची दोन तिकिटं काढली होती. सौ. म्हणाली, "चकल्या मी बघते, तुम्ही जा." आग्र्यापर्यंत नेहमीचा रस्ता, पुढे आदल्याच वर्षी सुरू झालेला यमुना एक्सप्रेसवे. मुक्काम नोएडाला मेव्हण्यांकडे.

आता अनुभवाच्या गोष्टी, एकेक करून.

पहिली गोष्ट, शुक्रवारपासून जा. शुक्रवारी सराव असतो, शनिवारी वेळेची चाचणी होऊन कोण पुढे उभा राहणार ते ठरतं, रविवारी शर्यत. शुक्रवारी गर्दी कमी. गेटपासून जागा किती लांब, बाथरूम कुठे, सावली कुठे, बाहेर पडायचा रस्ता कोणता, हे त्याच दिवशी पायाखाली घालावं. रविवारी शोधाशोध नको.

दुसरी, जागा. सरळ पट्ट्यासमोर बसलात तर गाडी आली म्हणेपर्यंत गेलेली असते. लांब पट्टा संपून हळू वळण येतं तिथली जागा घ्या, शक्यतो वरच्या रांगेतली, समोर मोठा पडदा असलेली. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरहून लांब पट्टा आहे. तीनशेच्या वेगाने आलेली गाडी त्याच्या टोकाला डोळ्यांदेखत शंभरच्या आसपास येते. ओव्हरटेक होतात ते अशाच ठिकाणी. मुलगा म्हणाला, "बाबा, मी दिवसभर काय करतो ते हे." तो नेमकं काय काम करतो, हे मला त्या वळणावर कळलं.

तिसरी, कान. ते वर्ष जुन्या व्ही-8 इंजिनांचं शेवटचं. आवाज कानात नाही, छातीत वाजायचा. 2014 पासूनच्या इंजिनांचा आवाज कमी आहे, तरी फोमचे बोळे हवेतच. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, कान वर ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. लहान मुलांना कानावरून घालायचे मोठे मफ घ्या. श्रवणयंत्र असेल तर गाड्या सुटण्यापूर्वी काढून डबीत ठेवा.

चौथी, अंगाची सोय. रोजचे वापरलेले बूट, टोपी, सुती कपडे, बसायला पातळ उशी. छत्रीने मागच्यांना दिसत नाही, म्हणून रेनकोट बरा. औषधं चिठ्ठीसकट खिशात. तिकिटाच्या अटी घरीच वाचा. पाण्याची बाटली आणि खाणं आत नेता येईलच असं नाही. आम्ही चिवड्याचा डबा गाडीत ठेवला होता, तो संध्याकाळी पार्किंगमध्ये उघडला. गर्दीत फोन लागत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरवा, आणि जागेचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

पाचवी, शेजारी जाणकार माणूस हवा. रविवारी सगळ्यांत पुढून सुटलेला सेबास्टियन व्हेटेल दुसऱ्याच फेरीअखेर टायर बदलायला आत गेला आणि पार मागे पडला. मी म्हटलं, "गेला हा." मुलगा हसला, "आता बघा." कोरड्या शर्यतीत तेव्हा दोन्ही प्रकारचे टायर वापरावेच लागत. मऊ टायर वेगवान, पण तिथे लवकर झिजत होता. व्हेटेलने तो आधीच वापरून टाकला. मी म्हटलं, "म्हणजे बुडीत खातं पहिल्याच तिमाहीत निकाली काढलं, आणि उरलेलं वर्ष मोकळं!" तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढे फेऱ्या मोजता मोजता एनपीए म्हणजे काय, तरतूद कशी करतात, हे त्याने मला विचारलं. पहिल्यांदाच.

साठ फेऱ्यांनंतर व्हेटेल सुमारे अर्ध्या मिनिटाने जिंकला आणि सलग चौथ्यांदा विश्वविजेता झाला.

सहावी, झेंडा पडला की उठू नका. व्हेटेलने मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, धुराचे लोट उठले, मग खाली उतरून गाडीपुढे वाकला. आम्ही ते पडद्यावर पाहिलं. घाईने निघालेल्यांचं ते हुकलं. पार्किंगमधली गर्दी तासाभराने आपोआप ओसरते.

आपल्याकडची ती शेवटची ग्रां प्री ठरली. करांचे वाद होतेच, नंतर ती परतली नाही. त्यामुळे आता जायचं तर परदेशी.

सिंगापूरची शर्यत रात्री, शहरातल्या रस्त्यांवर होते. ऊन नाही, पण रात्रीही दमट उकाडा असतो आणि पाऊस कधीही येतो. स्टेशनवरून बरंच चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर उभ्याचं स्वस्त तिकीट नको, खुर्चीचंच घ्या.

आता हिशेब बघा. रविवारची शर्यत दीड तासाची. बाकी तीन दिवसांत रिकामा वेळच जास्त: रांगेत, पायऱ्यांवर, गाडीत. तो पाय दुखण्यात आणि पाणी शोधण्यात गेला तर पैसे वाया. सोय नीट असेल तर तेवढा वेळ मुलाशेजारी बसायला मिळतो. आमच्या घरी चार दिवसांच्या दिवाळीत जे बोलणं होत नव्हतं, ते त्या स्टँडच्या पायऱ्यांवर झालं. आता दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि तब्येतीची चौकशी आटोपली की विषय शोधावा लागत नाही.

इंदूरकरांनी होकार कळवलाय. बोळे कसे घालायचे ते मी त्यांना पुन्हा एकदा समजावून सांगणार आहे.