कडीचा डबा

सातारा जिल्ह्यातील वाई हे माझे गाव. कृष्णेच्या काठी वसलेले हे गाव घाटांसाठी आणि देवळांसाठी प्रसिद्ध आहे. १७६२ साली रास्ते घराण्यातील गणपतराव रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ नदीला अगदी लागून उभे आहे. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, म्हणून त्याच्या मागच्या भिंतीला माशासारखा आकार दिलेला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे मोठे काम उभे केले, तेही याच गावातून. पण लहानपणी माझ्यापुरते सारे गाव तीन जागांत मावत असे: आळीतले आमचे घर, नदीचा घाट आणि बाजारपेठेतले एक हॉटेल.

हॉटेल म्हटले की मोठ्या शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढे राहण्याच्या खोल्या येतात. आमच्याकडे मात्र चहा-फराळाच्या दुकानालाही हॉटेलच म्हणत. त्या हॉटेलात लाकडी बाकडी होती, दारातच भज्यांची कढई होती आणि काचेच्या कपाटात शेव, चिवडा, बालुशाही मांडलेली असे. मालकांना सारे गाव तात्या म्हणे. रविवारी सकाळी तेथे मिसळ मिळे. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि वरून ओतलेला, लाल तवंगाचा कढत रस्सा. तो रस्सा उकळू लागला की त्याचा वास आळीच्या तोंडापर्यंत येई. महिन्यातून एखाद्या रविवारी वडील मला आणि धाकट्या बहिणीला तेथे घेऊन जात. तो दिवस आम्हांला सणासारखा वाटे.

खरे सण घरी होत. पाडव्याला चक्का फडक्यात बांधून टांगला जाई आणि त्याचे श्रीखंड होई. नागपंचमीला पुरणाची दिंडे, गणपतीला उकडीचे मोदक, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या आणि होळीला पुरणपोळी. पुरणपोळी खाणाऱ्याला गोड लागते, पण करणाऱ्याला तिचे कष्ट ठाऊक असतात. हरभऱ्याची डाळ शिजवायची, तिचे पाणी निथळून त्या कटाची आमटी करायची, डाळीत गूळ घालून ती आटवायची, मग पुरण पाट्यावर वाटायचे, कणीक तिंबायची आणि एकेक पोळी हलक्या हाताने लाटून तव्यावर टाकायची. आई हे सारे पहाटेपासून एकटी करी. आजी सोवळ्यात बसून सूचना देई. आम्ही पानावर बसलो की तव्यावरची पोळी थेट आमच्या ताटात येई. "गरम आहे तोवर खा," असे आई म्हणे. पहिली पंगत वडिलांची, पाहुण्यांची आणि मुलांची, दुसरी आजीची आणि आलेल्या बायकांची. आई सर्वांच्या शेवटी बसे. तोवर चूल विझलेली असे. उरलेली, बहुधा कडेला फुटलेली पोळी आणि निवालेल्या आमटीत कालवलेला भात, हे तिचे सणाचे जेवण. त्यात आम्हांला काही वावगे वाटत नसे. आईने शेवटी जेवायचे असते, अशीच आमची समजूत होती.

पुरुषांना वाढता येत नव्हते, असे मात्र नाही. थंडीच्या दिवसांत वाईला कृष्णाबाईचा उत्सव असतो. प्रत्येक आळी आपापल्या घाटावर मांडव घालते, कृष्णामाईची पूजा होते, कीर्तने होतात, आणि प्रसादाच्या पंगती उठतात. त्या पंगतीत वडील कमरेला उपरणे कसून वाढायला उभे राहत. शंभर पानांवर भात वाढताना त्यांचा हात थकत नसे. "अजून घ्या, संकोच करू नका," असा आग्रह ते अनोळखी माणसालाही करीत. बायकांच्या पंगतीत आई बसलेली असे आणि तिच्या पानावरही ते वाढीत. वर्षातून तेवढे एकदाच. घरी आल्यावर पाण्याचा तांब्याही त्यांना हातात द्यावा लागे.

आता कडीच्या डब्याविषयी सांगतो. त्या हॉटेलात आत फळ्यांचा आडोसा केलेली एक लहानशी जागा होती आणि तिच्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी होती. बाहेरगावचे प्रवासी कुटुंबासह तेथे बसत. आळीतल्या बायका मात्र हॉटेलात जात नसत. तसा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडतही कोणी नव्हते. आईला मिसळ फार आवडे. म्हणून रविवारी खाऊन उठताना वडील तात्यांकडून पितळेच्या कडीच्या डब्यात रस्सा आणि उसळ भरून घेत. ते स्वतः ओळखीच्या माणसांशी बोलत मागे थांबत आणि डबा घरी पोहोचवण्याचे काम माझ्याकडे येई. मी मात्र सरळ घरी जात नसे. वाटेत घाट लागे. पायरीवर डबा ठेवून मी पोहणाऱ्या मुलांच्या उड्या पाहत बसे. पावसाळ्यात नदीला पाणी आले की मग विचारूच नका. घरी पोहोचेपर्यंत रस्सा कोमट झालेला असे आणि फरसाण भिजून गेलेले असे. आई काही बोलत नसे. एक घास खाऊन ती रश्श्याची परीक्षा करी: "आज दगडफूल जरा जास्त पडले आहे," किंवा "खोबरे छान भाजले आहे." जे हॉटेल तिने कधी आतून पाहिले नव्हते, तेथल्या स्वयंपाकातले सारे बारकावे तिला कळत.

१९८६ च्या जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला. मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. आजी तेव्हा आत्याकडे गेली होती; नाहीतर पुढचा बेत निघालाच नसता. वडील म्हणाले, "चला, आज सगळेच तात्यांकडे जाऊ." आई लगेच म्हणाली, "मी कशाला? तुम्ही जाऊन या. मला डब्यातून आणा." तेव्हा मी म्हणालो, "मी डबा आणणार नाही." आईवरच्या मायेने मी तसे म्हणालो, असे आज सांगता आले असते, पण ते खोटे होईल. दहावी झालेल्या मुलाने हातात डबा घेऊन बाजारपेठेतून जायचे, याची मला लाज वाटली होती, एवढेच. पण त्या नकारामुळे आई घराबाहेर पडली.

आम्ही फळ्यांच्या आडोशाला बसलो. आई बाकाच्या कडेवर, पदर सावरून, पाहुण्यांकडे आल्यासारखी टेकली होती. पहिली बशी तात्यांनी स्वतः आणून तिच्यापुढे ठेवली. सवयीप्रमाणे तिने ती वडिलांकडे सरकवली. तात्या म्हणाले, "वहिनी, राहू द्या. त्यांची येते आहे. तुम्ही सुरुवात करा, निवेल." आईने आमच्या सर्वांकडे एकदा पाहिले आणि पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाने आले असावे. मग ती हसून म्हणाली, "अगं बाई, ही एवढी गरम असते होय!"

वडील खाली मान घालून पाव मोडीत राहिले. मी घाटाची पायरी आठवून गप्प बसलो. खाणे आटोपल्यावर आई उठली आणि आमच्या बश्या एकावर एक रचू लागली. तात्यांनी त्या तिच्या हातून काढून घेतल्या, तेव्हा रिकाम्या हातांचे काय करावे हे तिला सुचेना.

या गोष्टीला जवळजवळ चाळीस वर्षे होत आली. वडील आता नाहीत. आई पंचाहत्तरी ओलांडून माझ्याकडे शहरात राहते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याजवळ त्या कोमट डब्याची कबुली दिली. ती म्हणाली, "मला ठाऊक होते रे. तुझ्या डब्यावरून मला नदीला पाणी किती आहे ते कळायचे." ती मोकळेपणाने हसली. मला मात्र हसता आले नाही.

त्यानंतरच्या होळीला मी ठरवले की, सणाचे पहिले पान आईचे मांडायचे. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तव्यावरची पोळी तिच्या ताटात वाढली आणि वर तुपाची धार धरली. आपण एक जुने ऋण फेडले, असे समाधान माझ्या चेहऱ्यावर असावे. आईने ताटाकडे पाहिले, पण घास उचलला नाही. ती म्हणाली, "आणि तिला कोण वाढणार? सकाळपासून तीच उभी आहे."

मी मागे वळून पाहिले. माझी पत्नी शेगडीपाशी उभी होती. तिच्या गालाला पीठ लागले होते आणि ती पुढची पोळी लाटत होती.

तेव्हापासून आमच्या घरी एक नवी रीत पडली आहे. पुरण मी वाटतो, पोळ्या दोघे मिळून करतो, आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरल्याशिवाय कोणीच पानावर बसत नाही. माझ्या पोळ्या अजूनही फुटतात. पंगत बसेपर्यंत सगळ्याच पोळ्या थोड्या निवतात. पण त्या सगळ्यांच्या ताटात सारख्याच निवलेल्या असतात.