चुंबकाची बदली

बदली या शब्दाला बँकेत जेवढा मान आहे तेवढा व्याजालासुद्धा नाही. व्याज वर-खाली झालं तर फक्त खातेदार कुरकुरतात. बदली झाली की घरातली भांडीसुद्धा कुरकुरू लागतात. आणि गंमत अशी, की टेबलं तीच, पंखे तेच, खातेदारही तेच. पण आतल्या केबिनमधला एक माणूस बदलला की सगळ्या शाखेचा सूर बदलतो. काल 'या, बसा' म्हणणारा कॅशियर आज 'स्लिप नीट भरून आणा' म्हणून डाफरतो. कॅशियर तोच असतो. आत कोण बसलंय ते तर बाहेरून दिसतही नाही.

असाच प्रकार इलेक्ट्रिक गिटारीतही चालतो, हे ज्ञान मला अमरावतीत न होता अकोल्यात झालं, आणि तेही आमच्या भाऊजींच्या बैठकीत, मांडीवर स्क्रूंनी भरलेली स्टीलची ताटली धरून बसलेलो असताना.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशीच्या दशकात ते अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. तेव्हा वऱ्हाडात गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा आणला नाही तर मंडळाला पुढच्या वर्षी वर्गणी मिळायची मारामार. मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूर, परतवाडा - एका टेम्पोत ड्रम, भोंगे, गायिका आणि गायिकेचे वडील एवढं सगळं कोंबून ही मंडळी हिंडत. 'हरे रामा हरे कृष्णा' (1971) मधली ती गिटार भूपिंदर सिंगांच्या हातची, हे भाऊजी भेटेल त्याला सांगत, चहावाल्यालाही. पुढे डी.जे. आला. भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर सहा तारांचं काय चालणार? ऑर्केस्ट्रा मोडला, आणि गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकाची असल्यामुळे तीही गेली. भाऊजींकडे उरली ती फक्त डाव्या हाताच्या बोटांवरची घट्टी.

पस्तीस वर्षांची नोकरी झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली: नवी इलेक्ट्रिक गिटार. आठ दिवस वाजवली. नवव्या दिवशी ती सोफ्यामागे गेली. मी विचारलं तर म्हणाले, "आवाज टोचते राजा. सुई घातल्यावानी. गिटार चांगली आहे, आपलेच बोटं नाही राहिले आता."

हे वाक्य ते हसत म्हणाले, पण ताई हसली नाही. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, की शेजारच्या पोराला गिटार विकायची बोलणी चालू आहेत. वस्तू विकण्याचं तिला दुःख नव्हतं. माणूस साठीनंतर 'आपलं आता संपलं' असं एकदा एका बाबतीत म्हणाला, की बाकीच्या बाबतीतही म्हणू लागतो, ही तिची काळजी होती.

तिथे आमचा भाचा उपयोगी पडला. तो पुण्याला इंजिनियर. सुट्टीत येऊन त्याने गिटार दहा मिनिटं वाजवली आणि मला गच्चीवर नेऊन निदान सांगितलं, "मामा, बोटं ठीक आहेत. चुंबक बदलावं लागते."

मी कॉमर्सचा. चुंबकाशी माझा संबंध एटीएम कार्डाच्या काळ्या पट्टीपुरता. म्हणून त्याने मला पासबुकाच्या भाषेत समजावलं. गिटारीच्या तारांखाली एक लांबट डबी असते, तिला पिकअप म्हणतात. डबीत चुंबक, आणि त्याभोवती केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलं तेच हे तत्त्व. आपल्या पारसच्या वीजकेंद्रातही तेच आणि गिटारीतही तेच. पारसला त्याचे मेगावॉट होतात, गिटारीत गाणं होतं. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मौन पाळतो.

पण एका वेटोळ्याला एक खोड असते. गाण्याबरोबर ते घरातल्या विजेची घरघरही पकडतं. तेव्हा गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनियरने दोन वेटोळी शेजारीशेजारी उलटसुलट जोडली. घरघर एकमेकांत वजा झाली, गाणं बेरजेत राहिलं. डेबिट-क्रेडिट जुळलं म्हणा ना! त्याचा पेटंटचा अर्ज 1955 चा आणि मंजुरी 1959 ची. (फाइली तिकडेही चालतच जातात, हे वाचून मला फार बरं वाटलं.) मधल्या काळात त्या पिकअपांखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवत. आज ती चिठ्ठी असलेला पिकअप लोक सोन्यासारखा जपतात. आणि त्याच्या आत चुंबक कोणतं? तर त्या वेळी हाताशी येईल ते! त्यामुळे एकाच घडणीचे दोन पिकअप वेगवेगळे बोलतात.

चुंबकांच्याही जाती आहेत. एक अल्निको - अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांची नावं जोडून झालेलं नाव. लोखंड त्यात सगळ्यात जास्त, पण नावात नाही. (आमच्याकडेही जास्त काम करणाऱ्यांची नावं अहवालात नसतात.) या घराण्याचं मूळ जपानच्या मिशिमा यांनी 1931 मध्ये शोधलेल्या पोलादात. दुसरं सिरॅमिक - जुन्या स्पीकरच्या पाठीवर असते त्या काळ्या चकतीचं भाऊबंद. ते स्वस्त आणि जोरकस. 1978 मध्ये आफ्रिकेतल्या झाईरमध्ये लढाई पेटली, कोबाल्ट महागलं, आणि स्पीकरवाल्यांनी भराभर सिरॅमिकची वाट धरली. गिटारीत सिरॅमिक असलं की आवाज सहसा करकरीत, धारदार येतो. रॉक वाजवणाऱ्यांना तेच हवं असतं. अल्निकोत पुन्हा नंबर आहेत. पाच नंबर दमदार. दोन नंबर कमजोर, म्हणून मऊ. दोन नंबरचा माल चांगला निघाल्याचं हे मी पाहिलेलं एकमेव उदाहरण.

भाऊजींच्या गिटारीत सिरॅमिक होतं. भाच्याने दोन नंबरची दोन अल्निको चुंबकं मागवली, तीही अमरावतीला माझ्या पत्त्यावर. अकोल्याला आली असती तर भाऊजींनी 'कायले खर्च करता' म्हणून परत पाठवली असती. दोन अडीच इंची पट्ट्या, पानपराग खाणाऱ्याच्या दातांसारख्या रंगाच्या. कार्डांचं पाकीट एका खिशात, चुंबकं ताईच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात, अशी काळजी घेऊन मी निघालो. अमरावती-अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं. त्या रस्त्याने दोन नंबरचा माल नेताना मला उगीचच चेकपोस्टची भीती वाटत होती.

भाच्याने आधी फुकटचा उपाय केला. बाजूचे स्क्रू पिळून पिकअप तारांपासून जरा खाली घेतला. टोचणं थोडं कमी झालं. "पुष्कळांचं इथेच भागते," तो म्हणाला. भाऊजींचं भागलं नाही. मग तारा सैल केल्या, पिकअप उचलला, तळाचे चार स्क्रू ढिले केले, आणि होकायंत्राने जुन्या चुंबकाचं उत्तर कुठे, दक्षिण कुठे ते लिहून ठेवलं. हे महत्त्वाचं. दोनपैकी एका पिकअपात चुंबक उलटं बसलं, तर दोन्ही एकत्र वाजवताना एकमेकांचा आवाज खातात. जॉइंट खात्यातल्या भांडलेल्या नवराबायकोसारखे. जुनी पट्टी हळूच ढकलून काढली, नवी सरकवली. वेढ्यांची तार तुटली की पिकअप मेला, म्हणून त्या वेळी बैठकीत कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. भाऊजी तर बायकोचं ऑपरेशन चालल्यासारखे दाराबाहेर उभे होते.

तारा चढवल्या. वाजवलं. भाऊजी म्हणाले, "मस्त!" आणि लगेच, "का तुमचं मन राखाले म्हनतो मी?"

मग आम्ही रीतसर ऑडिट केलं. जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग भाच्याने आधीच मोबाइलवर करून ठेवलं होतं. तेच सूर नव्याने घेतले, दोन्हींचा आवाज सारखा केला - कारण मोठा आवाज कानाला उगीचच चांगला वाटतो - आणि भाऊजींना पाठमोरं बसवलं. दहा वेळा, कधी हे, कधी ते. टिकमार्क करायला मी. वीस वर्षांचा अनुभव. दहापैकी आठ बरोबर!

"दोन कावून चुकले?" भाऊजी.

"त्या दोन वेळा कुकरची शिट्टी झाली," भाचा.

नंतर भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की चुंबकाचा फरक तसा बेताचाच असतो. अॅम्प्लिफायरची बटणं आणि वाजवणाऱ्याचा हात यांनी त्याहून जास्त पडतो. पण भाऊजींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की जवारी उघडते. दोरा गात नाही. पण तो जागेवर नसेल तर गाणाऱ्यालाच आपला गळा बसल्याची शंका येते.

"थोडे अखडले आहेत," ते हळूच म्हणाले, "पन गेले नाहीत."

शेजारच्या पोराला दुसरी गिटार शोधायला सांगण्यात आलं. भाऊजी रोज संध्याकाळी अर्धा तास बसतात. ताईचा अभिप्राय असा, की पहिले टोचत होतं, आता झोप येते. आणि हे ती तक्रार म्हणून सांगत नाही.

सिरॅमिकच्या दोन पट्ट्या आता ताईच्या फ्रिजच्या दारावर आहेत. एक वीजबिल धरते, दुसरी गॅसचं कार्ड. पकड जबरदस्त, आवाज अजिबात नाही. आमच्या बँकेत अशा बदलीला प्रमोशन म्हणतात.