बेताचा उजेड

थोरला मुलगा टोरांटोजवळच्या मिसिसॉगा शहरात स्थायिक झाला, त्याला बरीच वर्षे झाली. २०२३ च्या हिवाळ्यात मी तीन महिने त्याच्याकडे राहावयास गेलो. त्या दिवसांत तेथे दुपारी पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. वसईच्या उन्हात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो अंधार फार जड जाई. मग मी तळघरात जाऊन मुलाच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीसमोर बसे. मासे मोजकेच होते. खरे वैभव होते ते जिवंत प्रवाळांचे.

भारतात खडक रचणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातले प्रवाळ समुद्रातच राहावेत, हे योग्यच आहे. मुलाकडचे प्रवाळ मात्र तिकडच्या हौशी लोकांनी घरच्या पेटीत वाढवून, तुकडे करून विकलेले होते.

प्रवाळ वनस्पतीसारखे दिसत असले तरी ते प्राणी आहेत. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून अशा प्रवाळांच्या पेटीवरचा दिवा ही शोभेची वस्तू नसते, ती त्यांची चूल असते.

पेटीवरच्या जुन्या बारीक नळ्यांचे दिवे बदलावयाचे होते आणि मुलाने मलाही विचारात घेतले. नळ्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, पण वर्षाकाठी त्या बदलाव्या लागतात. मेटल हॅलाइडचा दिवा सूर्यासारखा प्रखर असतो, पाण्यात लाटांच्या छायांचा सुंदर खेळ दाखवतो, परंतु पाणी तापवतो आणि वीजही फार खातो. एलईडी वीज कमी घेतात आणि त्यांचा रंग व जोर हवा तसा ठेवता येतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या शोधाबद्दल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ही माहितीही मुलानेच पुरवली.

खोक्यांवरचे आकडे वाचून मी सर्वांत जास्त ल्युमेनचा पांढरा दिवा सुचवला. मुलगा हसला. "पप्पा, ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत लख्ख वाटतो. समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो आणि खोलवर पोहोचतो तो निळा. प्रवाळांना त्याचीच सवय असते." त्यांच्यासाठी मोजावयाचा तो शैवालाच्या उपयोगी पडणारा प्रकाश, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याला पीएआर म्हणतात. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १०० एवढा पुरतो. फांद्यांच्या ॲक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतो.

शेवटी निळ्या आणि पांढऱ्या प्रकाशासाठी दोन वेगळी बटणे असलेला एलईडी दिवा आला. दोन्ही बटणे पस्तीस टक्क्यांवर ठेवून मुलगा सहा दिवसांसाठी कामानिमित्त व्हॅन्कूव्हरला गेला. माशांना खाणे घालण्यापलीकडे त्याने मला काही सांगितले नव्हते.

दुसऱ्याच संध्याकाळी मला तो मंद निळा उजेड पाहवेना. बाहेर बर्फ, आत काळोख, आणि नवा दिवा असून हे बिचारे जीव अर्धपोटी! मी दोन्ही बटणे शेवटापर्यंत फिरवली. पेटी झळाळून उठली. मला फार समाधान वाटले.

दोन दिवसांनी सर्वांत वरच्या ॲक्रोपोराची टोके फिकी झाली. वाढत्या फांदीचे टोक पांढरे असते, हे मुलाकडून ऐकलेले होते. प्रवाळ वाढीला लागले, असे मी सुनेला कौतुकाने सांगितले. पाचव्या दिवशी फांद्याच्या फांद्या चुन्यासारख्या पांढऱ्या झाल्या, तेव्हा माझा जीव चरकला.

मुलगा परतला. पेटीसमोर उभा राहून त्याने प्रथम दिवा उतरवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "मी त्यांना उपाशी ठेवले नव्हते, पप्पा."

एका हौशी मित्राकडून त्याने मोजणी यंत्र आणले. जुन्या नळ्यांखाली वरच्या खडकावर १७० च्या आसपास प्रकाश पडत असे. त्याच्या पस्तीस टक्क्यांवर १९० भरला आणि माझ्या शंभरावर ५४०. प्रखर प्रकाशात शैवाल प्राणवायूची विषारी रूपे निर्माण करू लागते. मग प्रवाळ आपल्याच अन्नदात्याला बाहेर टाकतो आणि त्याच्या पारदर्शक देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. तळाशी वाळूवरचे मऊ प्रवाळ वाचले, कारण तेथे माझा सारा उजेड उतरूनही १३० च पोहोचला होता. नवा दिवा आला की तो कमी ठेवावयाचा आणि तीन-चार आठवड्यांत थोडा थोडा चढवावयाचा, हा तर या छंदातला पहिला धडा.

मला सर्वांत लागले ते वेगळेच. हा धडा मला नवा नव्हता. आमच्या वडिलांची वसईत पानवेल होती. पानवेलीला कडक ऊन सोसत नाही. नव्या वेलावर ते नारळाच्या झावळ्यांची सावली करीत आणि वेलाने जीव धरला की एकेक झावळी काढीत. सगळ्या झावळ्या एकदम काढल्याबद्दल लहानपणी मी त्यांचा मारही खाल्ला होता. तरीही मी तेच केले. मुलाच्या दहावीच्या वर्षी दिवसाला तीन शिकवण्या लावल्या, तेव्हाही मी काही निराळे केले नव्हते. त्याला काय पेलते हे मी त्याला कधी विचारले नाही. मला काय द्यावेसे वाटते, तेवढेच पाहिले. हे मी त्याला त्या रात्री सांगितले. तो म्हणाला, "शिकवणीच्या सरांनी निदान गणित तरी पक्के करून घेतले," आणि आम्ही दोघेही हसलो.

वरचे ॲक्रोपोरा गेले. त्याच्या बुंध्याशी बोटाच्या पेराएवढा भाग मात्र जिवंत राहिला. मुलाने दिवा पंचवीस टक्क्यांवर आणला आणि दर रविवारी दोन-तीन टक्के चढवण्याचे काम माझ्याकडे सोपवले. बटण मीच फिरवावयाचे, असा त्याचा आग्रह होता. मी निघालो त्या आठवड्यात त्या तुकड्यावर तपकिरी रंग पुन्हा धरू लागला होता.

आता रविवारी त्याचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी झाली की मी विचारतो, "किती केलास?" तो आकडा सांगतो. आणखी थोडा वाढव, असे अजूनही ओठांवर येते. पण मी बोलत नाही.